गवत, गुरे आणि गोडे पाणी : पालघरच्या इतिहासातील एक दुर्लक्षित पान

पालघर, बोईसर, तारापूर, डहाणू या टापूचा इतिहास लिहावयास बसले की लेखणी आपोआप किल्ल्यांकडे वळते. तारापूरचा कोट, केळवे-माहीमचे बुरूज, शिरगावचा किल्ला, अशेरीचा डोंगर. १५३४ च्या तहाने वसईत सुरू झालेली पोर्तुगीज सत्ता आणि १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेने झालेला तिचा शेवट. आपल्या ख्रिस्ती समाजाच्या जडणघडणीत हा कालखंड मोठा आहे आणि त्यावर पुष्कळ लिहिलेही गेले आहे. परंतु सत्ता कोणाचीही असो, या भूमीवरील सामान्य कुटुंबाचा संसार कशावर चालत होता, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. त्याचे उत्तर भातशेतीपाशी संपत नाही. भाताचे पीक वर्षातून एकदाच येई. उरलेले महिने माणसाला तगवीत ते गोठ्यातले जनावर आणि ओढ्यातला मासा.

या दोहोंचा इतिहास वेगवेगळा सांगता येत नाही, कारण दोहोंचा आधार एकच होता : ज्यावर कुणा एकाचे नाव नाही असे रान आणि कुणा एकाचे नाव नाही असे पाणी. हे रान आणि हे पाणी कसकसे हातचे गेले, ते येथे पाहावयाचे आहे.

डोंगरातली गुरे, किनाऱ्यावरचे रेडे

समुद्रकाठच्या पट्ट्यात पाऊस मुसळधार आणि खाचरात गुडघाभर चिखल. त्यामुळे नांगराला रेडा अधिक उपयोगी. वसईपासून केळवे-माहीमपर्यंतच्या बागायतीत रहाटही जनावरांच्याच बळावर फिरत असे. पानवेलीचा मळा असो की केळीची बाग, रेडा किंवा बैल गोल फिरला तरच पाणी पाटाला लागे. वाडवळ, सामवेदी, ईस्ट इंडियन, भंडारी अशा साऱ्याच बागायतदारांच्या घरी गोठा हा घराचाच एक भाग असे.

पूर्वेकडे जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात मात्र डांगी जातीचे गोधन. डांग, नाशिक, नगर आणि जुना ठाणे जिल्हा यांच्या सीमेवरील अतिवृष्टीच्या मुलखात ही जात घडली. तिच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, त्यामुळे संततधार पावसात भिजूनही जनावर आजारी पडत नाही. खुर काळे व कठीण असल्यामुळे खडकाळ चढणीवर ते झिजत नाहीत. दुधाच्या दृष्टीने डांगी गाय काही फार मोठी नव्हे. परंतु तिचे वासरू नांगराला चालते आणि तिचे शेण शेताला लागते, एवढ्यावरच वारली, कोकणा, महादेव कोळी कुटुंबाचा हिशेब जुळत असे.

शेणाचे हे महत्त्व समजून घेतल्याशिवाय येथील शेतीच समजत नाही. भाताचे रोप करण्यापूर्वी जमिनीवर शेण, पालापाचोळा, झाडांच्या डहाळ्या व गवत यांचे थर पसरून उन्हाळ्यात ते भाजावयाचे, यालाच 'राब' म्हणतात. राब चांगला भाजला तर रोप जोमदार; राब नाही तर पीक नाही. म्हणजे जनावर, रान आणि भात ही एकाच साखळीची तीन कडी होती. भातखाचराला जोडून असलेल्या माळरानास महसुली भाषेत 'वरकस' म्हणत. तेथे नाचणी, वरी पिके, गवत वाढे आणि राबाचे साहित्यही तेथूनच मिळे.

गुरे राखणारा गुराखी हा बहुधा घरातला किंवा गावातला पोरगा. वारली समाजात आश्विन वद्य द्वादशीला वाघबारस पाळतात. वाघोबाच्या स्थानी गुराखी एकत्र जमतात आणि आमच्या गुरांना सांभाळ अशी त्याला विनवणी करतात. ज्याच्यापासून भय, त्यालाच राखण सोपविण्याची ही रीत आपल्या श्रद्धेहून निराळी खरी. परंतु रानात जनावर सोडणाऱ्या माणसाचे मन तिच्यातून दिसते. ते रान एकट्या माणसाचे नव्हते, एवढे त्या मनाने मानलेले होते.

वलगणीचे दिवस

गोड्या पाण्याची गोष्ट अशीच. वैतरणा, सूर्या, पिंजाळ, देहर्जे, तानसा या नद्या आणि त्यांना मिळणारे असंख्य ओहोळ हे आदिवासी पाड्यांचे ताट होते. मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडला की नदीतले मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध चढत ओढ्यात, नाल्यात, थेट भातखाचरात शिरतात. हीच वलगण. त्या दोन-चार रात्री पाडाच्या पाडा पाण्यावर जागा असे. कुणी पाग फेकी, कुणी बांधाच्या तोंडाशी बांबूची विणलेली सापळी लावी, तर बायका आणि पोरे हातांनीच खेकडे धरीत. उन्हाळ्यात डोह आटू लागले की गेळाची फळे ठेचून पाण्यात टाकायची आणि मासे गुंगवायचे, हीही जुनी रीत. शिवडा हा मासा तर हवेतून श्वास घेऊ शकतो. म्हणून पाणी गढूळ झाले, कमी झाले तरी तो चिखलात तग धरतो. शेतीच्या कामाचे दिवस आणि घरातले धान्य सरलेले, अशा नेमक्या कठीण काळात हा मासा फुकट हाती येत असे.

किनाऱ्याकडील आपल्या वाड्यांमध्ये नदीची जागा बावखलांनी घेतली होती. पूर्वजांनी खणलेली ही गोड्या पाण्याची तळी मुख्यत्वे बागायतीसाठी. परंतु पावसाचे पाणी मुरविणे, गुरांना पाजणे, घरच्यापुरते मासे देणे ही कामेही ती मुकाट्याने करीत. समुद्र खवळलेला असताना आणि होड्या किनाऱ्याला लागलेल्या असताना शुक्रवारच्या कालवणाला बावखलातला मासाच आधार देत असे.

आपण ख्रिस्ती लोक मच्छिमार म्हटला की सातपाटी, अर्नाळा, पाचूबंदर येथील दर्यावर्दी डोळ्यांसमोर आणतो. परंतु प्रभू येशूने ज्यांना प्रथम हाक दिली ते पेत्र, आंद्रेया, याकोब व योहान गालील सरोवरावरचे, म्हणजे गोड्या पाण्यातले कोळी होते. पाच भाकरींबरोबर रानात हजारोंच्या तोंडी लागले ते दोन मासेही, त्या सरोवराचा काठ पाहता, गोड्या पाण्यातलेच असावेत. वैतरणेच्या डोहावर पाग फेकणारा वारली आणि गालीलचा शिमोन यांचे नाते या दृष्टीने आपल्याला वाटते त्याहून जवळचे आहे.

कोंडवाडा आणि राखीव रान

या व्यवस्थेला पहिला मोठा हादरा बसला तो इंग्रजी अमदानीत. १८७१ सालच्या कायद्याने कोंडवाडे पक्के झाले. सरकारी वा खाजगी हद्दीत शिरलेले जनावर कोंडून ठेवायचे आणि दंड भरल्यावरच सोडायचे. ज्याच्याजवळ रोख पैसाच नाही त्याला हा दंड म्हणजे सावकाराच्या दाराचा रस्ता होता. १८७८ साली वन कायदा आला. रानाचे राखीव आणि संरक्षित असे भाग पडले, आणि काल जेथे गुरे चरत, जेथून राबाच्या डहाळ्या आणत, तेथे आज पाऊल टाकणे गुन्हा ठरू लागले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांचा असंतोष इतका वाढला की मुंबई सरकारला १८८५ साली वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला. राबाचा प्रश्न त्या काळी सरकारदरबारी गाजला तो असा. डहाळी तोडण्याच्या हक्कावरून एवढा गहजब का, असे आज वाटेल. परंतु डहाळीमागे राब होता, राबामागे भात होता आणि भातामागे घरातली पोरेबाळे होती.

याच सुमारास दुसरी गोष्ट घडली. १८६४ साली बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचा मार्ग मुंबईला जाऊन भिडला. डहाणू, बोईसर, पालघरचे रान एका रात्रीत मुंबईच्या दाराशी आले. त्या काळी मुंबईत घोडागाड्या धावत होत्या. १८७४ पासून १९०५ पर्यंत ट्रामही घोडेच ओढीत होते. शिवाय दुधाचे तबेले. या साऱ्या जनावरांना बारमाही चारा हवा होता आणि तो आता आगगाडीने येऊ शकत होता. वरकसावरचे गवत, जे कालपर्यंत गावच्या गुरांचे होते, ते विकाऊ माल झाले. लाकडाचे आणि गवताचे व्यापारी या मुलखात आले. त्यांनी कर्जे दिली, कर्जापोटी जमिनी घेतल्या आणि पाहता पाहता ते जमीनदार झाले. स्थानकांच्या आसपास गवताच्या वखारी उभ्या राहिल्या.

आदिवासी त्याच माळावर राहिला, पण मजूर म्हणून. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा रकमेच्या फेडीसाठी नवराबायकोने जन्मभर मालकाकडे राबायचे, याला 'लग्नगडी' म्हणत. वेठ तर वेगळीच. मालकाच्या गोठ्यातील शेण काढणारे, गुरे राखणारे हेच हात. आणि त्यांच्या स्वतःच्या झोपडीपुढे मात्र एखादी शेळी, चार कोंबड्या.

अडीच रुपयांचा लढा

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली. त्यानंतर मे महिन्यात तलासरीजवळील झरी येथे हजारो वारली जमले आणि वेठ व लग्नगडी पद्धत मोडण्याचा निर्धार झाला. शामराव आणि गोदावरी परुळेकर हे या चळवळीचे नेते. त्याच वर्षी गवत कापणीचा हंगाम आला, तेव्हा कापणाऱ्यांनी पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपये मजुरी मागितली आणि ती मिळेपर्यंत विळा हाती धरावयाचा नाही, असे ठरविले. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण प्राणास मुकले. गोदावरीबाईंनी पुढे 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथात हा सारा इतिहास लिहून ठेवला; १९७० साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथास साहित्य अकादमीचा पुरस्कारही लाभला.

साम्यवादी विचारसरणी आणि ख्रिस्तसभा यांचे मतभेद सर्वश्रुत आहेत. तलासरी-डहाणू भागात काम करणाऱ्या आपल्या धर्मगुरूंना आणि धर्मभगिनींना ते प्रत्यक्ष अनुभवावेही लागले. तथापि मतभेद बाजूला ठेवून त्या मागणीकडे पाहावे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात मजुराला त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहापुरते वेतन मिळणे हा न्यायाचा भाग मानला होता. गवत कापणाऱ्याचे अडीच रुपये त्या कसोटीला उतरतात की नाही, याचे उत्तर प्रत्येक वाचकाने आपल्या मनाशी द्यावे.

या लढ्याच्या पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९४६ मध्ये, गुजरातेतील खेडा जिल्ह्यात त्रिभुवनदास पटेल यांच्या पुढाकाराने दूध उत्पादकांचा सहकारी संघ स्थापन झाला. आणंदचे ते दूध मुंबईला येऊ लागले आणि ते आले डहाणू, बोईसर, पालघर या स्थानकांवरूनच. ज्या मुलखातून मुंबईच्या म्हशींना गवत जाई, त्या मुलखाच्या दारावरून दुसऱ्या जिल्ह्याचे दूध पुढे जाऊ लागले. असे का व्हावे? पाऊस येथे अधिक, गवत येथे मुबलक, मुंबई येथून कितीतरी जवळ. फरक एवढाच की खेड्याच्या पुष्कळशा शेतकऱ्यांकडे स्वतःची जमीन आणि स्वतःची म्हैस होती. पालघर-डहाणूच्या आदिवासीकडे विळा होता. गवत व्यापाऱ्याचे होते. सहकार उभा राहायला काहीतरी स्वतःचे असावे लागते.

दापचरीचा धडा

स्वातंत्र्यानंतर शासनाने हा प्रश्न वरून सोडविण्याचा प्रयत्न केला. मुंबईतील तबेल्यांसाठी गोरेगावला आरे वसाहत उभी राहिली. १९५१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. शहरात उरलेल्या म्हशींसाठी पुढे डहाणू तालुक्यातील दापचरी येथे मोठा दुग्धप्रकल्प योजिण्यात आला. त्याच्या पाण्यासाठी कुर्झे येथे धरण बांधले गेले. गोठे, चाऱ्याची शेते, गोठेधारकांची घरे असा तो मोठा पसारा होता. परंतु प्रकल्पाचा आरंभबिंदू मुंबईची सोय हा होता. दापचरीच्या पाड्यातील कुटुंबाच्या दारी दोन दुभती जनावरे कशी येतील, हा नव्हता. कालांतराने प्रकल्प मोडकळीस आला आणि गोठे ओस पडले. गवताच्या माळावर उभारलेला दुधाचा कारखाना गवत कापणाऱ्याला गवळी करू शकला नाही.

मासळीच्या क्षेत्रातही वरून आलेल्या योजना काही कमी नव्हत्या. १९५२ साली आफ्रिकेतील तिलापिया, आपण ज्याला चिलापी म्हणतो तो मासा, भारतात आणला गेला. १९५७ साली कटक येथे हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी संप्रेरकाची टोचणी देऊन कार्प जातीच्या माशांचे प्रजनन घडवून आणले. त्यापूर्वी कटला, रोहू, मृगळ यांचे बीज बंगालसारख्या प्रांतांतील नद्यांतून गोळा करावे लागे. आता ते तळ्याकाठी तयार होऊ लागले. हे संशोधन निःसंशय थोर आहे आणि देशातील गोड्या पाण्याच्या मत्स्यशेतीचा पाया त्यानेच घातला. मात्र तलावात बीज सोडले की तलावाचा ठेका निघतो, आणि ठेका निघाला की काल तेथे गळ टाकून बसणारा पोर चोर ठरतो. पुढे नफ्याच्या लोभाने थाई मांगूरसारखा खादाड परदेशी मासाही लपूनछपून पाळला गेला. २००० साली देशात त्यावर बंदी घालावी लागली, कारण तो सुटला तर देशी मासा उरत नाही.

पाणी चालले कोठे?

गवतानंतर शहराला हवे होते पाणी. तानसाचे धरण १८९२ साली पुरे झाले. त्यामागून वैतरणेवर १९५७ साली मोडकसागर, १९७३ साली ऊर्ध्व वैतरणा आणि २०१४ साली मध्य वैतरणा. मुंबईकरांची तहान खरी आहे. तिला कोण नाही म्हणेल? पण मृगाचा पहिला लोंढा धरणात अडला की खालच्या पात्राला तो पूर येत नाही, आणि पूर आला नाही की मासा चढत नाही. वलगण ही काही कुणाच्या सातबाऱ्यावर नोंदलेली नव्हती, म्हणून धरणग्रस्तांच्या यादीत तिची भरपाईही नव्हती.

सूर्या नदीवर धामणीचे धरण आणि कवडासचा बंधारा झाला तो डहाणू, पालघर, विक्रमगडच्या शेतीसाठी. परंतु बोईसरची औद्योगिक वसाहत, तारापूरचा अणुऊर्जा प्रकल्प आणि वाढती शहरे यांचा त्यावरील हक्क वाढतच गेला. वसई-विरार आणि मीरा-भाईंदरसाठी दररोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी नेणारी योजना आखली गेली आणि २०२३ साली पहिल्या टप्प्याचे पाणी वसई-विरारला पोहोचले. येथे आपण जरा थांबले पाहिजे. गवत मुंबईला गेले तेव्हा आपण त्रयस्थ होतो. सूर्येचे पाणी मात्र आपल्याच वसईच्या नळातून येते.

तारापूरचा अणुऊर्जा प्रकल्प १९६९ साली सुरू झाला. पुढे तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. गाव उठते तेव्हा घराचा मोबदला मिळतो. गुरचरणाचा, तळ्याचा आणि ओढ्याचा मोबदला कोणत्या कोष्टकाने काढावयाचा? बोईसरच्या कारखानदारीने हजारो हातांना काम दिले, हेही तितकेच खरे. आपल्या समाजातील अनेक तरुण तेथे नोकरीस लागले. पण गोड्या पाण्याचे ओहोळ रसायनांचे नाले बनले आणि ते जेथे खाडीला मिळतात तेथली मासळी धोक्यात आली, तेव्हा मांगेला मच्छिमारांच्या परिषदेला २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाकडे जावे लागले. २०२२ साली लवादाने अनेक कारखान्यांना आणि सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रालाही भरपाईचा आदेश दिला. पैशात भरपाई ठरली, हे थोडके नव्हे. पण ओहोळ निवळायला पैशाहून अधिक काही लागते.

एका कलमात दोन हक्क

या साऱ्या काळोख्या कथेत एक तारीख उजेडाची आहे. २००६ साली संसदेने वनहक्क कायदा केला. त्याच्या तिसऱ्या कलमात सामूहिक हक्कांची जी यादी आहे, तीत पाणवठ्यांतील मासे व इतर उत्पन्न आणि गुरांची चराई ही एकाच उपकलमात शेजारी शेजारी बसविली आहेत. त्याआधी १९९६ साली झालेल्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील लहान जलाशयांचे व्यवस्थापन पंचायतींकडे दिले. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा त्यातील डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार, मोखाडा हे तालुके संपूर्णपणे आणि काही तालुके अंशतः या क्षेत्रात होते. म्हणजे गुराख्याचे रान आणि वलगणीचे पाणी ही दया म्हणून द्यावयाची वस्तू नव्हे, तो हक्क आहे, हे देशाच्या कायद्याने सव्वाशे वर्षांनी का होईना, मान्य केले आहे. तो हक्क कागदावरून पाड्यावर उतरविण्यासाठी अर्ज लिहावे लागतात, नकाशे काढावे लागतात, वृद्धांच्या साक्षी नोंदवाव्या लागतात. ज्यांना लिहिता येते त्यांनी हे काम करावयाचे आहे.

१९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्यात वसईच्या हिरव्या वाड्या आहेत आणि तलासरी-मोखाड्याचे पाडेही आहेत. एकाच धर्मप्रांताच्या एका टोकाला नळ आहे, दुसऱ्या टोकाला ज्यातून त्या नळाचे पाणी आले ते कोरडे पात्र आहे. वसईच्या वाड्या आणि पाणी वाचविण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली आपला समाज रस्त्यावर उतरला, त्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. तरीही नंतरच्या काळात कितीतरी बावखले बुजविली गेली, आणि ती सगळीच काही परक्यांनी बुजविली नाहीत. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबाचा आक्रोश हे दोन नाहीत, असे जगाला बजावले. वैतरणेच्या खोऱ्यात ते समजावून सांगायला उदाहरण शोधावे लागत नाही.

जुन्या करारात नाथान संदेष्टा दावीद राजाला एक गोष्ट सांगतो. एका श्रीमंताकडे गुरामेंढरांचे कळप होते. शेजारच्या गरिबाकडे एकच मेंढी होती, त्याच्या ताटात जेवणारी, त्याच्या कुशीत निजणारी. श्रीमंताकडे पाहुणा आला, तेव्हा त्याने स्वतःच्या कळपाला हात न लावता गरिबाची ती मेंढी कापली. राजा संतापला आणि असे करणारा मरणास पात्र आहे, असे म्हणाला. तेव्हा नाथानाने त्याच्याकडेच बोट दाखविले.

आपल्या इतिहासातला पाहुणा म्हणजे वाढते शहर. त्याचे आदरातिथ्य करणे चूक नाही. पण आजवर प्रत्येक वेळी ताटात वाढले गेले ते गरिबाचे गवत, गरिबाचा मासा आणि गरिबाचे पाणी. पुढच्या वेळी सरकारी मोजणीदार एखाद्या गुरचरणावर साखळी टाकील किंवा एखादे बावखल बुजविण्याचा ठराव ग्रामसभेत येईल, तेव्हा त्या सभेत आपल्या धर्मग्रामातले किती जण उपस्थित असतील, यावर या इतिहासाचे पुढचे पान अवलंबून आहे.